नोंदवहीबाहेरचा क्षय

भारतात क्षयाचे किती रुग्ण आहेत? प्रश्न सोपा वाटतो. सरकारच्या 'नि-क्षय' प्रणालीत प्रत्येक रुग्णाची नोंद होते. २०२३ साली अशा सुमारे २५ लाख ५० हजार नोंदी झाल्या. मग आणखी मोजायचे काय? पण हा आकडा सापडलेल्या रुग्णांचा आहे. खोकला अंगावर काढणारा, मेडिकलमधून बाटली आणून वेळ निभावणारा, किंवा खासगी डॉक्टरांकडे उपचार घेऊनही ज्याचे नाव कुणी कळवले नाही असा माणूस त्यात येत नाही. नोंदवही यंत्रणेने किती काम केले ते सांगते. रोग किती पसरला आहे हे जाणून घ्यायचे, तर ज्याला दवाखान्यात यावेसे वाटलेले नाही त्याच्या दारापर्यंत जावे लागते.

हे काम भारताने देशव्यापी पातळीवर पहिल्यांदा १९५५ ते १९५८ या काळात केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सहा विभाग निवडले आणि छोट्या फिल्मवर छातीचे एक्स-रे काढणारी यंत्रे गावोगाव नेली. तोवर सर्वसाधारण समज असा, की क्षय हा दाटीवाटीच्या शहरांचा, गिरण्या-चाळींचा रोग. खेड्यातली मोकळी हवा माणसाला वाचवते. निष्कर्षांनी हा समज मोडीत काढला. खेड्यांतही क्षय शहरांइतकाच होता. हजारी १३ ते २५ लोकांच्या एक्स-रेमध्ये सक्रिय क्षयाच्या खुणा होत्या आणि हजारी २ ते ८ जणांच्या थुंकीत प्रत्यक्ष जंतू सापडले.

या आकड्यांनी धोरणाची दिशा बदलली. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे कितीही बांधली, तरी एवढ्या रुग्णांना खाटा पुरणे अशक्य होते. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयोपचार केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले, की घरी राहून घेतलेली औषधे आरोग्यधामातल्या उपचारांइतकीच गुणकारी ठरतात. त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि १९६२ मध्ये जिल्हा हा पाया मानून राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. या कार्यक्रमामागे त्या मोजणीचाही मोठा हात होता.

आठशे माणसांत अडीच

दुसरे देशव्यापी सर्वेक्षण थेट २०१९ ते २०२१ या काळात झाले. मध्ये साठ वर्षे गेली. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने त्याचे समन्वयन केले. अशी मोजणी किती अवघड असते हे कळायला थोडे गणित करावे लागते.

प्रौढांमध्ये लाखाला तीनशेच्या आसपास रुग्ण आहेत असे धरू. सर्वेक्षणाच्या एका समूहात, म्हणजे एखाद्या गावात किंवा शहरातल्या वस्तीत, पंधरा वर्षांवरील सुमारे ८०० जण तपासायचे. तेवढ्यांत सापडणार दोन-तीन रुग्ण. त्यांतला एक जरी सुटला, तरी त्या समूहाचा आकडा तिसऱ्या हिश्शाने किंवा निम्म्याने चुकला. म्हणून नमुना लाखांत लागतो आणि प्रत्येक माणूस मोलाचा असतो.

पथक गावात पोचले, की आधी घरोघर यादी होते. कोण इथे राहतो, कोण पाहुणा म्हणून आला आहे, कोण कामासाठी बाहेर आहे, हे ठरवावे लागते. गल्लीतला सर्वांत अवघड माणूस म्हणजे पहाटे मजुरीला निघून रात्री परतणारा कमावता पुरुष. तोच सुटण्याची भीती जास्त, आणि क्षयाचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत बरेच जास्त. त्याला गाळून केलेली मोजणी खोटा दिलासा देते. म्हणून पथकाला त्याच्या वेळा सांभाळून पुन्हा दार ठोठावावे लागते.

मग प्रश्नावली: खोकला किती दिवसांचा, ताप येतो का, वजन घटले का, थुंकीतून रक्त पडले का. त्यानंतर एक्स-रेची गाडी. गरोदर स्त्रियांना एक्स-रेतून वगळतात. ज्याला लक्षणे आहेत, किंवा ज्याच्या फुप्फुसात डाग दिसतो, त्याच्याकडून थुंकीचे दोन नमुने घेतात: एक तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्या उठल्या खोकून काढलेला. लाळ चालत नाही. छातीतून आलेला बेडकाच हवा. डबी थंड पेटीतून प्रयोगशाळेत जाते. जनुकीय चाचणीचा निकाल काही तासांत मिळतो, पण जंतू वाढवून पाहायचे तर 'नाही' म्हणण्याआधी सहा आठवडे थांबावे लागते. एवढ्या साखळीतली एक कडी जरी ढिली पडली, तरी खरा रुग्ण निरोगी ठरतो.

कोविड महामारीने या कामाला मध्येच खीळ घातली. तरीही ३,२२,४८० जणांची तपासणी पूर्ण झाली. पात्र लोकांपैकी हे प्रमाण ९१ टक्के. २४ मार्च २०२२ रोजी, जागतिक क्षयरोग दिनी, अहवाल जाहीर झाला. प्रौढांत फुप्फुसाचा, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला क्षय दर लाखी ३१६ निघाला. हा नमुन्यावरचा अंदाज असल्याने खरा आकडा २९० ते ३४२ यांच्या दरम्यान असावा, असे अहवालाने नोंदवले. दिल्लीत हा दर ५३४, तर केरळात ११५. मुलांना थुंकी काढून देता येत नाही आणि हाडांचा किंवा गाठींचा क्षय बेडक्यात दिसत नाही; म्हणून त्यांची भर गणिताने घालावी लागते. ती घातल्यावर सर्व वयांच्या, सर्व प्रकारच्या क्षयाचा दर लाखी ३१२ झाला.

आहेत किती, होतात किती

इथे दोन आकड्यांची गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साठी भारताचा जो दर सुरुवातीला दिला, तो लाखी २१० होता. मग ३१२ खरा की २१०? दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ३१२ हे त्या काळात समाजात असलेले रुग्ण. २१० हे वर्षभरात नव्याने पडणारे. माणूस जितका काळ आजारी राहील, तितका पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा फुगतो. ढोबळ भागाकार केला तर उत्तर येते सुमारे दीड वर्ष. म्हणजे एक रुग्ण सरासरी दीड वर्ष आजार घेऊन वावरतो आणि तेवढा काळ घरच्यांना, सोबत काम करणाऱ्यांना जंतू देत राहू शकतो. निदान लवकर झाले, तर नव्या रुग्णांची संख्या घटण्याआधीच ही व्याप्ती, म्हणजे समाजात असलेल्या रुग्णांची संख्या, घटू लागते. म्हणून व्याप्तीचे मोजमाप यंत्रणेची झाडाझडती घेते.

अंदाज किती कोलमडू शकतात, हे इंडोनेशियाने अनुभवले. तिथे २०१३-१४ च्या सर्वेक्षणात प्रौढांत दर लाखी ७५९ रुग्ण निघाले आणि देशातल्या नव्या रुग्णांचा अंदाज दुपटीहून वर जाऊन वर्षाला दहा लाखांच्या घरात पोचला. रोग अचानक वाढला नव्हता. तो आधीपासूनच तिथे होता.

भारताबाबतही असेच घडले, पण वेगळ्या वाटेने. खासगी औषधविक्रीचे आकडे तपासणाऱ्या एका अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले, की २०१४ साली खासगी क्षेत्रात क्षयाची जेवढी औषधे खपली, त्यांतून १ कोटी ७८ लाख रुग्ण-महिने (एका रुग्णाचे एका महिन्याचे औषध म्हणजे एक रुग्ण-महिना) भरतील. सरकारी क्षेत्राच्या जवळपास दुप्पट. खासगी डॉक्टरांना रुग्ण कळवणे २०१२ पासून बंधनकारक असूनही ही स्थिती होती. मुंबई-पुण्यात खोकला घेऊन माणूस आधी कुठे जातो, हे माहीत असलेल्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही. असे पुरावे जमल्यावर २०१६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने भारताचा वार्षिक अंदाज २२ लाखांवरून २८ लाखांवर नेला.

खोकला नसलेला क्षय

भारताच्या दुसऱ्या सर्वेक्षणाचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे दोन निष्कर्ष ३१६ या आकड्याच्या पलीकडचे आहेत. पहिला: सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले. प्रश्नावलीवर विसंबून राहिले असते, तर ते निरोगी म्हणून घरी गेले असते. 'दोन आठवडे खोकला असेल तर तपासणी करा' हा आपला वर्षानुवर्षांचा संदेश, आणि तो इतक्या रुग्णांना लागूच पडत नाही.

दुसरा: लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी उपचारच घेतले नव्हते. त्यांतल्या ६८ टक्क्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले, १८ टक्क्यांना ती रोगाची लक्षणे वाटली नाहीत, १२ टक्क्यांनी स्वतःच औषध घेतले आणि २ टक्क्यांना खर्च परवडणारा नव्हता. यावर 'लोक बेफिकीर आहेत' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या संशोधकांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला तुमकूर जिल्ह्यातला अभ्यास आठवावा. त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण आपणहून दवाखान्यात गेले होते, आणि त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले जात होते. दुर्लक्ष करायला माणूस कुठून शिकतो, याचे एक उत्तर तिथे आहे. ज्याची मजुरी बुडते आणि हाती बाटलीच पडते, तो पुढच्या वेळी जात नाही. या ६४ टक्क्यांचा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मोजणीचा उपयोग झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत जोखमीच्या लोकांचे, लक्षणे नसली तरी, एक्स-रे काढण्यावर भर दिला गेला आणि हातात धरता येणारी यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यात आली.

पण एकदाच मोजून भागत नाही. चीनने १९७९ ते २०१० या काळात पाच वेळा मोजले. म्हणून १९९० मध्ये दर लाखी १७० असलेले, थुंकीत जंतू दिसणारे रुग्ण २०१० मध्ये ५९ वर आले, हे तो देश पुराव्यानिशी सांगू शकतो. दक्षिण कोरियाने १९६५ ते १९९५ दर पाच वर्षांनी मोजणी केली. आपण २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत नव्या रुग्णांचा दर ८० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले; २०२३ पर्यंतची अंदाजित घट १७.७ टक्के, लाखी २३७ वरून १९५. ही घटही प्रामुख्याने गणिती प्रारूपातून काढलेली आहे, आणि प्रारूपाचा कस प्रत्यक्ष मोजणीवरच लागतो.

जिल्ह्याजिल्ह्यात लाखोंची तपासणी शक्य नाही, हे मान्य. तिथे नोंदी, औषधविक्री आणि निवडक गावांतली पाहणी एकत्र करून घट पडताळण्याची पद्धत २०२० नंतर सुरू झाली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण देशाच्या आकड्याला पर्याय नाही. दुसऱ्या सर्वेक्षणाने आरंभरेषा आखून दिली. तिसरे कधी होणार याची तारीख आणि त्याची तरतूद आत्ताच जाहीर झाली पाहिजे. पुन्हा साठ वर्षे थांबलो, तर क्षय हटला की फक्त नोंदवहीतून निसटला, हे आपल्याला कधीच सांगता येणार नाही.