डासाचा माग काढा, ओल सापडेल



घरात डास झाले की आपण काय करतो? संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो, अगरबत्ती लावतो, मच्छरदाणी बांधतो. ज्वारीला पोरकिडे लागले की पावडर शोधतो. चौकटीला वाळवी लागली की जळके तेल ओततो आणि मोरीत झुरळे दिसली की खडूची रेघ ओढतो. प्रत्येक किड्यावर वेगळा इलाज आणि प्रत्येक इलाजाला वेगळा पैसा. चार महिन्यांनी पाहावे तर पुन्हा सगळे जिथल्या तिथे! याचे कारण असे की, या सगळ्यांना बोलावून आणणारी एकच गोष्ट घरात तशीच राहिलेली असते. ती म्हणजे ओल. आणि या ओलीची पहिली वर्दी देतो तो डास.

हे मला पुस्तकात वाचून कळले नाही. एका मावशींच्या माजघरात कळले.

मावशींनी गोळी मागितली

श्रावणातले दिवस होते. पीकपाहणीसाठी गावात गेलो असता साठीच्या एका मावशींनी मला घरी बोलावले. म्हणाल्या, "साहेब, ज्वारीला किडे लागलेत. पावडर टाकून झाली. आता त्या गॅसच्या गोळ्या मिळवून द्या." माजघरात भिंतीला टेकून सहा पोती रचलेली होती. शेजारीच अंथरुणांची वळकटी होती. विचारले तर कळले, दोन नातवंडे रात्री तिथेच झोपतात.

माझ्या अंगावर काटा आला. ती गोळी म्हणजे अॅल्युमिनिअम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. जितकी ओल जास्त, तितका तो झपाट्याने सुटतो. या विषावर खास असा उतारा नाही. म्हणूनच ही गोळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बंद गोदामात वापरण्याची आहे, माणसे राहतात त्या घरात वापरण्याची नव्हे. मी मावशींना स्पष्ट नाही म्हटले. त्या नाराज झाल्या. "मग आम्ही किडेच खायचे का?" असे तोंडावर विचारले.

खरे सांगायचे तर इतकी वर्षे मीही धान्याच्या किडीची तक्रार आली की औषधाचे नाव कागदावर लिहून देऊन मोकळा होत असे. पोत्यामागे वाकून कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी मात्र खालचे पोते ओढून पाहिले. भर दुपारची वेळ, पण पोते हलताच भिंतीवरून डासांचा थवाच्या थवा उठला!

आता विचार करा, दिवसा ढवळ्या डास तिथेच का लपले होते? डासाचे अंग बारीक, कोरड्या उन्हात ते लवकर सुकते. म्हणून रात्री चावणारे डास दिवसभर अंधारी, गार आणि दमट जागा धरून बसतात. डास बसलेली जागा म्हणजे दमट जागा. भिंतीला हात लावला तर ती ओलसर लागली. हातभर उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटलेला होता. पोत्याच्या बुडाला कुबट वास येत होता. भिंतीच्या पलीकडे गेलो तर न्हाणी. तिथल्या फरशीचे सांधे उघडले होते आणि रांजणाचे सांडलेले पाणी भिंतीखाली मुरत होते. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते पाणी मातीच्या भिंतीत वर चढत होते.

न्हाणीचे पाणी पुढे परसात जाई, पण गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झाला तो अंगणापेक्षा वीतभर उंच. त्यामुळे पाणी अळूच्या वाफ्यात तुंबून काळे पडले होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. चौकटीच्या पायाशी वाळवीची मातीची नळीही दिसली. डास, पोरकिडे आणि वाळवी या तीन तक्रारींचे मूळ एका न्हाणीत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसे आमचे इतके दिवस चालले होते.

तीन डास, तीन पाणी

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. डास जिथे बसतो तिथे ओल असते, पण त्याची पैदास साचलेल्या पाण्यातच होते. म्हणून शोध दोन्हींचा घ्यायचा. कोणता डास आहे हे कळले की पाणी शोधणे सोपे जाते.

*दिवसा चावणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला डास* हा एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतो तो हाच. याला घरातले साठवलेले स्वच्छ पाणी लागते. रांजण, टाकी, फवारणीचे पिंप, जुने टायर, नारळाची करवंटी, कशातही हा अंडी घालतो. अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेघेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. हा डास फार लांब उडत नाही. तो चावत असेल तर त्याचे पाणी तुमच्या किंवा शेजाऱ्याच्याच घरी आहे असे समजा.

*रात्री कानाशी गुणगुणणारा* बहुधा क्युलेक्स. याला घाण पाणी आवडते. तुंबलेले गटार, उघडा सांडपाण्याचा खड्डा, शौचालयाची टाकी ही त्याची ठिकाणे. हत्तीरोग पसरवणारा हाच. तो वाढला तर सांडपाणी कुठे तरी अडले आहे.

*भिंतीवर शेपटीकडची बाजू उचलून तिरका बसणारा* अॅनाफिलिस. हिवतापाचा डास हाच. डासामुळे हिवताप पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादला अशाच डासाच्या पोटात मिळाला. हा वापरात नसलेली विहीर, पाण्याची टाकी, शेतातली डबकी अशा बऱ्यापैकी स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो.

तिन्ही डासांना पावसाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस पाणी मोडले की ती साखळी तुटते. सारी मेख या हिशोबात आहे.

ओलीचे बाकीचे पाहुणे

आता कणगीकडे वळू. धान्य जिवंत असते, तेही श्वास घेते. ओलसर धान्याचा श्वास वाढतो, त्यातून ऊब आणि आणखी ओल निर्माण होते आणि सोंडकिडे झपाट्याने वाढतात. ज्वारी-गव्हात 12 टक्क्यांपेक्षा आणि कडधान्यात 10 टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा नसावा. खापऱ्यासारखी एखादी कीड कोरड्या धान्यातही तग धरते, पण बहुतेक किडी वाळलेल्या धान्यात रेंगाळतात.

ओलावा मोजायचे यंत्र घरी नसते. त्यासाठी सोपी परीक्षा सांगतो. कोरडी काचेची बाटली घ्या. त्यात मूठभर धान्य आणि दोन चमचे कोरडे मीठ टाका, झाकण लावून काही मिनिटे खळखळून हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य साठवण्याजोगे नाही. मीठ चिकटले नाही तरी दाताखाली दाणा 'कट्' वाजला पाहिजे. मावशींसमोर ही परीक्षा केली तेव्हा खालच्या पोत्यातल्या ज्वारीचे मीठ काचेला गच्च चिकटले.

ओल्या धान्याला बुरशी लागते. मका आणि भुईमुगावरच्या एका हिरवट-पिवळ्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि शिजवल्याने जात नाही. "माणसाला नको तर म्हशीला घालू," असे म्हणू नका. जनावराने खाल्लेल्या बुरशीच्या पेंडीतले विष दुधात उतरते आणि ते दूध आपलीच मुले पितात. कोंबड्यांनाही ते घालू नका. बुरशी आलेले धान्य खड्ड्यात पुरून टाका.

वाळवीचेही तसेच. तिचे वारूळ जमिनीच्या ओलीत असते. उघड्यावर ती सुकते, म्हणून मातीची नळी बांधून आतून चढते. नळी मोडून पाहा. दोन दिवसांत ती पुन्हा बांधली गेली तर वाळवी चालू आहे. औषध जरूर वापरा, पण भिंतीची ओल तोडल्याशिवाय ते टिकणार नाही. झुरळांना आणि उंदरांनाही पाणी लागते. गळका नळ म्हणजे त्यांची पाणपोईच. सेकंदाला एक थेंब गळला, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी होते.

गोठ्यातही हाच न्याय. मूत, पाणी आणि सांडलेली वैरण मिळून झालेल्या चिखलात चावणाऱ्या माश्या वाढतात. 2022 साली लंपी चर्मरोगाने महाराष्ट्रात हजारो जनावरे दगावली. तो रोग चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. लस टोचून घ्या, पण गोठ्याला उतार देऊन तो कोरडाही ठेवा.

काय करावे?

1. एक वार ठरवून कोरडा दिवस पाळा. त्या दिवशी रांजण, पिंप, डोण, टाकी रिकामी करून आतून घासा, वाळवा, मग भरा. तोंडाला कापड बांधा. रिकामे करता येत नाही अशा हौदात गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात विचारून मिळवता येतात.

2. टायर, फुटके डबे, करवंट्या परसात ठेवू नका. शौचालयाच्या वायुनलिकेच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

3. न्हाणीचे सांधे सिमेंटने बुजवा. पाण्याचा उतार भिंतीपासून दूर काढा. पागोळीचे पाणीही पायाशी पडू देऊ नका.

4. सांडपाण्याला शोषखड्डा करा. साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल. खाली मोठे दगड, वर लहान खडी. तोंडाशी तळाला भोके पाडलेले मडके ठेवून त्यात नारळाची शेंडी भरा म्हणजे गाळ तिथेच अडेल. शेंडी अधूनमधून बदला. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे खड्डा मुरमापर्यंत न्यावा. ते जमत नसेल तर पाणी आळीपाळीने परसबागेत, केळीला फिरवावे. विहिरीपासून खड्डा निदान 50 फूट लांब हवा. शौचालयाचे पाणी यात सोडू नये.

5. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडा. बाजूने फिरता आले पाहिजे. पाऊस उघडून ऊन पडले की खालचे पोते आधी उन्हात घाला. पोत्यावर ओली घोंगडी टाकू नका.

6. आठवड्यातून एकदा दुपारी विजेरी घेऊन पोत्यामागे, पेटीखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात पाहा. जिथून डास उठतील तिथे भिंतीला हात लावा.

ताप आला तर मात्र घरी अंगारे-धुपारे करत बसू नका. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

शेजाऱ्याचे काय?

दिवाळीनंतर पुन्हा त्या गावी गेलो. मावशींनी खालचे पोते पुरून टाकले होते. उरलेली पाच वाळवून, चाळून फळ्यांवर रचली होती. नातवंडांची अंथरुणे सोप्यात हलवली होती. न्हाणीचे सांधे भरले होते, शोषखड्डा झाला होता. भिंतीचा लोणा अजून पुरता गेला नव्हता. भिंत सुकायला वेळ लागतोच. मावशींनी हिशोब ऐकवला, "गोळ्यांचे पैसे वाचले साहेब, पण खड्ड्याला दोन दिवसांची मजुरी गेली." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि रात्री डास आहेतच की. ते शेजारच्या गटारातले. त्याचं काय करू?"

त्यांचे म्हणणे खरे होते. एका घराने शोषखड्डा केला आणि गल्लीचे गटार उघडे राहिले तर निम्मेच काम होते. 2019 साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि गावोगाव घरात नळ आले. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला हे फार चांगले झाले. पण आलेले पाणी सांडणारही, त्याची सोय अनेक ठिकाणी मागे राहिली. यावर वाट नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने दाखवली आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले. पुढे तोच मार्ग जिल्ह्यातल्या इतर गावांनीही धरला.

तुमच्या ग्रामसभेत हा विषय काढा. रोजगार हमीतून सामूहिक शोषखड्डे घेता येतात का, हे ग्रामपंचायतीत विचारा. मावशींना मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "ग्रामसभेत बायका बोलल्या तर ऐकतात का?" मी म्हटले, "मीठ घातलेली ती बाटली घेऊन जा. ती दाखवून बोला."

ग्रामसभा होईल तेव्हा होईल. आज दुपारचे जेवण झाले की एवढे करा. घरातले सर्वांत खालचे पोते जरा पुढे ओढा आणि मागून काय उडते ते पाहा.