खारीच्या शिकारीची रायफल व काडतुसे

उत्तर अमेरिकेतील, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागातील पानझडी अरण्यांत, वृक्षवासी खारींच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारी लहान व्यासाची हलकी रायफल आणि तिचा दारूगोळा. करडी खार (सायूरस कॅरोलिनेन्सिस, वजन सु. ४०० ते ६०० ग्रॅ.) व तिच्याहून मोठी, तांबूस छटेची फॉक्स स्क्विरल (सायूरस नायगर, वजन सु. १ किग्रॅ. पर्यंत) ह्या दोन जातींची शिकार मुख्यतः होते. ओक, हिकरी, बीच व अक्रोड ह्या वृक्षांच्या फळांवर त्या जगतात. पहाटे व सायंकाळी त्यांची हालचाल अधिक असते.

खारीचे मांस खाण्यात येते. डोक्यात लागलेल्या गोळीने खार तत्काळ मरते व मांस वाया जात नाही. मात्र मेंदूचे लक्ष्य जेमतेम २.५ सेंमी. व्यासाचे असते आणि ते २० ते ४५ मी. अंतरावर, बहुधा फांद्यांच्या आड दिसते. चुकार गोळीने जखमी झालेली खार ढोलीत शिरून तेथे वेदनांनी मरते व शिकाऱ्याच्या हाती लागत नाही. म्हणून रायफल व काडतूस निवडताना शक्तीपेक्षा अचूकता हा पहिला निकष मानावा लागतो.

इतिहास : अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मनवंशीय कारागिरांनी लांब नळीची, ठासणीची रायफल विकसित केली. तिच्या ८ ते ९ मिमी. व्यासाच्या नमुन्यांना ‘खारीची रायफल’ असेच नाव पडले. लहान गोळीमुळे शिसे व दारू यांची बचत होई. १८६२ मध्ये यादवी युद्धात सिनसिनॅटी शहरावर दक्षिणेच्या सैन्याचे संकट आले, तेव्हा ओहायओच्या ग्रामीण भागातून आपापल्या बंदुका घेऊन धावून आलेल्या स्वयंसेवकांना ‘खारींचे शिकारी’ म्हणूनच ओळखले गेले.

फ्रान्समधील लुई निकोला फ्लोबेअर यांनी १८४५ च्या सुमारास प्रस्फोटक टोपीतच छोटी गोळी बसवून नव्या प्रकारच्या काडतुसाचा पाया घातला. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने ०.२२ शॉर्ट हे काडतूस प्रचारात आणले आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे ०.२२ लाँग रायफल हे काडतूस आले. नावात ‘रायफल’ असले, तरी ते काडतुसाचेच नाव आहे. खारीच्या शिकारीत आजही त्याचाच वापर सर्वाधिक होतो.

रिमफायर काडतुसाची रचना : मोठ्या रायफलींच्या काडतुसात तळाच्या मध्यभागी वेगळी प्रस्फोटक टोपी असते. रिमफायर काडतुसात ती नसते. पितळी पुंगळीच्या तळाची कडा आतून पोकळ असून तिच्यात प्रस्फोटक मिश्रण पसरलेले असते. आघातटाचणी ही कडा चेपते, मिश्रण पेटते व त्याच्या ज्वालेने दारू जळते. कडा चेपता यावी म्हणून पुंगळी पातळ ठेवावी लागते, त्यामुळे आतील दाबावर मर्यादा येते (०.२२ लाँग रायफलसाठी सु. १६५ मेगॅपास्काल) व वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मात्र काडतूस स्वस्त पडते, धक्का नगण्य असतो आणि आवाजही कमी होतो. भरपूर सराव परवडणे हा ह्या काडतुसाचा मोठा गुण होय.

काडतुसांचे प्रकार : ०.२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ५.७ मिमी. व्यासाची, शिशाची व सु. २.६ ग्रॅ. वजनाची असते. प्रमाणवेगी काडतुसात तिचा आरंभवेग सेकंदाला सु. ३२६ मी. व ऊर्जा सु. १४० जूल असते. हा वेग ध्वनिवेगापेक्षा किंचित कमी असल्याने गोळीमागे तडाखेबंद आवाज होत नाही. अतिवेगी काडतुसात वेग सु. ३७५ मी. व ऊर्जा सु. १८० जूल असते. वेग अधिक तर वाऱ्याचा परिणाम कमी, असा सर्वसाधारण समज आहे. ह्या काडतुसात मात्र उलट अनुभव येतो. ध्वनिवेगाच्या आसपास हवेचा रोध झपाट्याने वाढत असल्याने अतिवेगी गोळी आडव्या वाऱ्यात प्रमाणवेगी गोळीपेक्षा अधिक ढळते.

भरीव गोळी मांसाची नासाडी कमी करते. पण मर्मस्थान चुकल्यास आरपार जाऊन जखमी खार निसटण्याचा संभव असतो. पोकळ टोकाची गोळी शरीरात पसरते व ऊर्जा तेथेच खर्च करते. ती सर्वसाधारणपणे सोयीची ठरते, परंतु नेम डोक्यावरच धरावा लागतो.

०.२२ विंचेस्टर मॅग्नम (१९५९) ह्याची ऊर्जा सु. ४३० जूल असते. ०.१७ हॉर्नडी मॅग्नम (२००२) ह्याची १.१ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला सु. ७७५ मी. वेगाने निघते व तिचा प्रक्षेपमार्ग बराच सपाट असतो. ही काडतुसे दूरच्या नेमास उपयुक्त असली, तरी धडाला गोळी लागल्यास खाण्याजोगे मांस फारसे उरत नाही. ती महागही असतात. ०.२२ मॅग्नमचा कक्ष रुंद असल्याने त्यात ०.२२ लाँग रायफल काडतूस घालू नये. पुंगळी फाटून इजा होऊ शकते.

रायफलीची निवड : बोल्टची रायफल साधी, टिकाऊ व सामान्यतः अधिक अचूक असते. स्वयंभरित रायफलीत (उदा., १९६४ पासून निघणारी रूगर १०/२२) दुसरी गोळी लगेच झाडता येते; पण ह्या सोयीमुळे पहिल्या नेमाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. नवशिक्यास एकेक काडतूस भरण्याची रायफल शिस्त लावते. सु. ४० सेंमी. लांबीच्या नळीत दारू जवळजवळ पूर्ण जळते; त्याहून लांब नळीने वेग फारसा वाढत नाही, मात्र आवाज कमी होतो व समतोल साधतो. चाप हलका व झटका न देता सुटणारा असावा. दस्ता शिकाऱ्याच्या बाहूच्या लांबीस जुळावा. दिवसभर रान तुडवायचे असल्याने वजन दुर्बिणीसह ३ किग्रॅ. च्या आसपास असणे बरे.

काडतुसांची पारख : एकाच कारखान्यातील, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींनाही एकच काडतूस सारखे मानवत नाही. ह्यास्तव पाच-सहा प्रकारांची काडतुसे आणून प्रत्येकी पाच गोळ्यांचे अनेक गट स्थिर टेकूवरून ४५ मी. वर झाडावेत. प्रकार बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत. नव्या गोळीवरील वंगणाचा थर नळीत बसण्यास तेवढा अवधी लागतो. ज्या प्रकाराचे गट सातत्याने २.५ सेंमी. च्या आत पडतात, तो शिकारीस योग्य होय. महाग काडतूसच सरस ठरेल असे नाही. एखादा गट उत्तम पडला एवढ्यावर भिस्त ठेवू नये.

नेमसाधने : चार पट वर्धनाची किंवा २ ते ७ पट बदलत्या वर्धनाची दुर्बीण पुरेशी असते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी सामान्यतः ९० मी. किंवा त्याहून दूरच्या लक्ष्यासाठी जुळवलेल्या असतात. जवळच्या लक्ष्यावर डोळा किंचित हलताच नेम सरकतो. म्हणून सु. ४५ ते ५५ मी. साठी जुळवलेली रिमफायरची दुर्बीण घ्यावी. ४५ मी. वर नेम जुळवल्यास अतिवेगी गोळी २३ ते ४५ मी. च्या पट्ट्यात नेमरेषेपासून अर्ध्या सेंमी. हून फारशी ढळत नाही. मात्र ९ मी. वर ती सु. २ सेंमी. खाली लागते, कारण दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते.

सुरक्षितता : वर धरलेल्या नळीतून सुटलेली ०.२२ ची गोळी सु. १.५ किमी. किंवा त्याहूनही दूर जाऊ शकते. झाडावरील खारीवर नेम धरताना हाच मोठा धोका असतो. गोळी अडवणारे खोड वा जाड फांदी मागे असल्याशिवाय चाप ओढू नये. मागे केवळ आकाश असेल, तर खार सोडून द्यावी. दाट पालवीच्या दिवसांत छऱ्यांची बंदूक वापरणे पुष्कळदा अधिक श्रेयस्कर ठरते. काडतूस न पेटल्यास नळी सुरक्षित दिशेस रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटण्याचा संभव असतो.

निर्बंध : शिकारीचा हंगाम, परवाना व दररोजची कमाल संख्या प्रत्येक राज्य ठरवते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमाने बंदुका व दारूगोळा यांवरील कर वन्य जीव संवर्धनाकडे वळविण्यात आला. मांसात राहणारे शिशाचे कण खाणाऱ्यास, तसेच मृतावशेष खाणाऱ्या पक्ष्यांस अपायकारक असतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीच्या शिकारीत शिसेविरहित दारूगोळाच वापरण्याचे बंधन आहे. तांबेयुक्त हलक्या गोळ्यांचीही वरीलप्रमाणेच पारख करून घ्यावी लागते.

भारतात परिस्थिती निराळी आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूच्या शिकारीस वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. येथे ०.२२ रायफल परिचित आहे ती राष्ट्रीय छात्रसेनेच्या सरावातून व नेमबाजीच्या क्रीडाप्रकारांतून. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेही ह्याच ०.२२ लाँग रायफल काडतुसाच्या प्रकारात. रायफलीस मानवणारे काडतूस शोधण्याची खटपट क्रीडांगणावरील नेमबाजासही शिकाऱ्याप्रमाणेच करावी लागते.