लॅपटॉप आणि दूरचित्रवाणी संच : जोडणी व उपयोग

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन करण्यात आली. दूरचित्रवाणीवरील पाठांना मात्र एक मर्यादा होती. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे व वर्गाचे वेळापत्रक त्या वेळेशी जुळवून घ्यावे लागे. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर पाठ हातचा गेला. चित्र थांबवून एखादी आकृती पुन्हा दाखविण्याची सोयही शिक्षकाला नव्हती.

ही मर्यादा आज उरलेली नाही. पाठ लॅपटॉपमध्ये साठवून ठेवता येतो आणि हवा तेव्हा, हवा तेथे थांबवून मोठ्या पडद्यावर दाखविता येतो. अनेक शाळांत व ग्रामपंचायत कार्यालयांत दोन्ही साधने आहेत. तरीही भिंतीवरील संच बंद आणि पंधरा-वीस मुले एका लॅपटॉपभोवती दाटीने उभी, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. यामागे यंत्रातील बिघाड क्वचितच असतो. बहुधा जोडणीची माहिती नसते, किंवा चुकीची केबल आणलेली असते.

देणारे टोक आणि घेणारे टोक

जोडणी समजून घेताना प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याच्या नळाप्रमाणे चित्राच्या प्रवाहालाही दिशा असते. लॅपटॉपवरील एचडीएमआयची खाच चित्र बाहेर देते. दूरचित्रवाणी संचावरील तशीच दिसणारी खाच ते आत घेते. खाचांचा आकार एकच असल्याने येथे मोठा घोटाळा होतो. सेट टॉप बॉक्समधून निघालेली केबल लॅपटॉपच्या एचडीएमआय खाचेत बसविली म्हणजे लॅपटॉपवर वाहिन्या दिसू लागतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण तेथे दोन्ही टोके देणारीच असतात.

लॅपटॉपला एचडीएमआयची खाच असल्यास काम सोपे आहे. १९ संपर्कांची ही एकच केबल चित्र व आवाज दोन्ही वाहून नेते. केबल जोडल्यावर संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबून ज्या क्रमांकाच्या खाचेत केबल लावली असेल तोच क्रमांक निवडावा. संचावर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना आली की केबल खराब असल्याचा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रमांक चुकलेला असतो.

नव्या, पातळ लॅपटॉपना अनेकदा एचडीएमआयऐवजी टाइप-सी ही लहान खाच असते. अशी प्रत्येक खाच चित्र देतेच असे नाही. काही खाचा केवळ भारण व माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. त्यामुळे अडॅप्टर विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहणे श्रेयस्कर.

जुन्या लॅपटॉपला तीन ओळींत १५ छिद्रे असलेली व्हीजीए खाच असते. १९८७ पासून वापरात आलेल्या या पद्धतीत फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. नव्या संचावर व्हीजीएची सोय बहुधा नसते. तेव्हा व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा रूपांतरक लागतो आणि आवाजासाठी निराळी तार जोडावी लागते. उलट दिशेचा, म्हणजे एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा रूपांतरकही बाजारात मिळतो व दिसायला जवळजवळ तसाच असतो, पण एकाचे काम दुसरा करीत नाही. खरेदीच्या मागणीपत्रात नुसते ‘कन्व्हर्टर’ असे न लिहिता कोठून कोठे, हे स्पष्ट नमूद करावे. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन जोडण्यांच्या जुन्या संचावरही रूपांतरकाच्या साहाय्याने चित्र आणता येते. चित्रफितीपुरते ते चालते, परंतु बारीक अक्षरे वाचता येत नाहीत.

केबलच्या लांबीचाही विचार करावा. साधारण पाच मीटरपर्यंत अडचण येत नाही. दहा-पंधरा मीटरच्या पुढे साध्या केबलवर चित्र तुटू लागते. लांब केबल ओढण्यापेक्षा लॅपटॉपचे टेबल संचाजवळ नेणे हा कमी खर्चाचा उपाय होय.

पडद्यावर काय दिसावे

विंडोज प्रणालीच्या लॅपटॉपवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून ठेवून ‘पी’ ही कळ दाबली असता चार पर्याय दिसतात. त्यांपैकी ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास संच हा लॅपटॉपचा वाढीव पडदा होतो. मुलांसमोर पाठ आणि शिक्षकासमोर त्याची टिपणे, अशी व्यवस्था करता येते. हा दुसरा पर्याय सरावाला थोडा अवघड आहे, पण वर्गासाठी व सभेसाठी तोच अधिक योग्य.

यामागे सोयीखेरीज आणखी एक कारण आहे. ग्रामसभेत ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरील जमाखर्च थेट पडद्यावर दाखविला, तर प्रत्येक नोंद ग्रामस्थ स्वतः पाहू शकतात. वाचून दाखविलेल्या आकड्यांपेक्षा त्याचे मोल निश्चितच अधिक. मात्र ‘डुप्लिकेट’ पर्यायात लॅपटॉपवरील सर्वच काही सभेला दिसते. लाभार्थ्याचा आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, मध्येच आलेला खासगी संदेश यांपैकी काहीही त्यात येऊ शकते. म्हणून सभेपूर्वी सूचना बंद कराव्यात, अनावश्यक खिडक्या मिटाव्यात आणि दाखवावयाचे तेवढेच संचाच्या पडद्यावर न्यावे. अक्षरे पुरेशी मोठी आहेत का, हे टेबलाजवळून कळत नाही. शेवटच्या रांगेत जाऊन एकदा पाहून यावे. ‘कंट्रोल’ व अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबल्यास संकेतस्थळावरील अक्षरे मोठी होतात.

चित्र आले पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो, ही नेहमीची तक्रार. पडद्याच्या कोपऱ्यातील ध्वनिवर्धकाच्या चिन्हावरून आवाजाचे ठिकाण म्हणून दूरचित्रवाणी संच निवडला की ती दूर होते. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर दोष लॅपटॉपमध्ये शोधू नये. संचाच्या चित्रविषयक मांडणीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावांचा पर्याय असतो, तो निवडावा.

केबलविना जोडणीही शक्य आहे. २०१२ पासून प्रचारात आलेल्या मिराकास्ट या पद्धतीत लॅपटॉप व संच वाय-फाय लहरींनी परस्परांशी थेट जोडले जातात आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. विंडोजची कळ व ‘के’ दाबल्यास जवळचे संच शोधले जातात. तथापि ही जोडणी अधूनमधून तुटते. ज्या कार्यक्रमाला पाहुणे येणार आहेत, त्या दिवशी केबलच बरी.

लॅपटॉपवर दूरचित्रवाणी

आता उलट बाजू. घरी किंवा कार्यालयात लॅपटॉपवरच वाहिन्या पाहावयाच्या असल्यास इंटरनेट हा सरळ मार्ग. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे व्यासपीठ सुरू केले असून त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या उपलब्ध आहेत. मात्र चांगल्या प्रतीचे चित्र तासाला सुमारे एक ते तीन जीबी इतका डेटा घेते. मोबाइलच्या जोडणीवर एका वर्गासाठी रोज हा खर्च करण्यापेक्षा पाठ आधी उतरवून घेणे किफायतशीर ठरते.

पूर्वी लॅपटॉपला लहानसा ट्यूनर व अँटेना जोडून वाहिन्या पाहता येत. दूरदर्शनची बहुतेक जुनी भूप्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाल्यामुळे कपाटात पडलेल्या अशा ट्यूनरचा ग्रामीण भागात आता उपयोग नाही. सेट टॉप बॉक्सचे चित्र लॅपटॉपमध्ये घ्यावयाचे असल्यास ‘कॅप्चर कार्ड’ हे घेणारे टोक असलेले साधन जोडावे लागते, आणि तेही संरक्षित कार्यक्रम दाखवीत नाही. ज्या शाळेत संच आहे, तिने या खटपटीत पडू नये. डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय मिळणाऱ्या पीएम ई-विद्या वाहिन्या सरळ संचावरच पाहाव्यात.

केबल लावताना दोन्ही यंत्रे बंद असावीत आणि ती भूसंपर्क असलेल्या एकाच विद्युत पट्टीवर जोडावीत. भूसंपर्क नसलेल्या जोडणीत यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावताच मुंग्या येतात व कधी खाचही जळते. वीज गेल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण संच बंद पडतो. ३२ ते ४३ इंची एलईडी संचाला साधारणतः ५० ते १०० वॅट वीज पुरते. कार्यालयात संगणकासाठी इन्व्हर्टर असल्यास त्यावर एक जोडणी संचासाठी काढून घ्यावी.