चोवीस सेकंदांचा कारभारी

बास्केटबॉल म्हटलं की आधी उंचीचा विषय निघतो. शेवगावच्या कुठल्याही शाळेत हा खेळ काढून बघा. पाच फूट पाच इंचांचा मुलगा न सांगताच मागे सरकतो आणि कबड्डीच्या पोरांत जाऊन उभा राहतो. कबड्डी आपल्या मातीतली, तिच्याकडे मुलं जावीतच. पण बास्केटबॉलमध्ये एक जागा अशी आहे, जिथे उंचीपेक्षा डोळे, हात आणि डोकं जास्त कामाला येतं. ती जागा पॉइंट गार्डची. चेंडू पुढे न्यायचा, कुठला डाव खेळायचा ते ठरवायचं, मोकळ्या साथीदाराच्या हातात नेमक्या क्षणी चेंडू द्यायचा आणि संघ बिथरला की सावरायचा, हे सगळं या एका खेळाडूच्या गळ्यात असतं. त्यावर पोट भरणाऱ्याचं आयुष्य कसं जातं, आणि आपल्याकडच्या मुलामुलींना ती वाट कुठपर्यंत नेते, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

उंचीचा प्रश्न आधी निकालात काढू. मग्सी बोग्ज नावाचा खेळाडू पाच फूट तीन इंचांचा होता. आपल्याकडे बसच्या गर्दीत तो नजरेसही भरला नसता. हा माणूस अमेरिकेच्या एनबीएमध्ये १९८७ पासून १४ हंगाम खेळला. साथीदाराला थेट गोल करता येईल असा पास दिला की त्याला असिस्ट म्हणतात. बोग्जच्या नावावर असे ६,७२६ असिस्ट आहेत. सात फुटी खेळाडूंना त्याच्याइतकं खाली वाकता येत नसे. त्यांच्या हातातला चेंडू जमिनीजवळ आला की तो बोग्जचाच. आखूड बांध्याचं त्याने असं भांडवल केलं.

आता मैदानात उतरू. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, रिंग ३.०५ मीटरवर. समोरच्या संघाने नुकताच गोल केला आहे आणि बेसलाइनमागून चेंडू पॉइंट गार्डच्या हातात आला आहे. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची आणि चोवीस सेकंदांच्या आत शॉट घ्यायचा, तोही रिंगला लागलाच पाहिजे. नाहीतर चेंडू समोरच्यांचा. डाव्या हाताने टप्पे चालू आहेत, उजव्या हाताची दोन बोटं वर आहेत, म्हणजे दोन नंबरचा डाव. सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, पुढे येतो आणि गार्डला अडवणाऱ्या डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. गार्ड सेंटरच्या खांद्याला खांदा घासून निघतो, कारण मध्ये वीतभर जागा राहिली तरी डिफेंडर त्यातून निसटून येतो. आता बघायचं ते पुढे. दोन्ही डिफेंडर गार्डवर धावून आले, तर सेंटर मोकळा होऊन रिंगकडे वळला आहे, त्याला टप्पा पास. दुसरा डिफेंडर मागेच थांबला, तर मधली जागा रिकामी आहे, गार्डने स्वतः शॉट घ्यावा. कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला आत सरकला, तर कोपऱ्यात तीन गुणांचा नेमबाज एकटा उभा आहे. एवढं सगळं पाहून ठरवायला मिळतो जेमतेम एक सेकंद, आणि तोवर टप्प्यांकडे एकदाही बघायचं नाही.

खोखो खेळलेल्या वाचकाला हे चटकन उमजेल. पाठलाग करणारा कितीही चपळ असो, खो द्यायची वेळ चुकली की पळणारा सुटला. पॉइंट गार्डचा पासही असाच वेळेशी बांधलेला असतो. अर्धा सेकंद आधी दिला तर साथीदार अजून वळलेला नसतो, अर्धा सेकंद उशिरा दिला तर डिफेंडरचा हात मध्ये आलेला असतो.

चोवीस सेकंदांची ही मर्यादा पहिल्यापासून नव्हती. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ रचला. पुढे व्यावसायिक सामने सुरू झाले तेव्हा आघाडीवरचा संघ चेंडू हातात धरून वेळ काढू लागला. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला हरवलं ते १९-१८ असं. प्रेक्षक कंटाळून घरी जाऊ लागले. सिराक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशोब मांडला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० शॉट घेतात. भागाकार केला की २४ येतात. १९५४ पासून हा नियम लागू झाला आणि चेंडू दडवून ठेवणारा गार्ड संपला. तिथून पुढे झटपट निर्णय घेणाऱ्या गार्डचे दिवस आले.

व्यावसायिक पॉइंट गार्डचा आदर्श कोण, असं कुणी मला विचारलं तर मी जॉन स्टॉक्टनचं नाव घेईन. १९८४ मध्ये युटा जॅझने सोळाव्या क्रमांकावर त्याची निवड केली, तेव्हा बाहेर फारसं कुणी त्याला ओळखत नव्हतं. सहा फूट एक इंच उंची, अंगात ना झेप ना दिखाऊपणा. पण तो १९ हंगाम एकाच संघाकडून खेळला, आणि त्यातल्या १७ हंगामांत त्याने एकही सामना चुकवला नाही. त्याचे एकूण असिस्ट १५,८०६ आणि हिसकावलेले चेंडू ३,२६५. हे दोन्ही विक्रम अजून उभे आहेत. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या ड्रीम टीममध्येही तो होता. संघातला साथीदार कार्ल मलोनबरोबर त्याची जोडी १८ वर्षं टिकली. वर वर्णन केलेला तोच स्क्रीनचा डाव ते दोघे रोज खेळत. समोरच्याला काय येणार ते ठाऊक असे, तरी अडवता येत नसे. मला या कारकिर्दीचं मोल त्या सातत्यात दिसतं. चमकदार खेळ अनेकांनी केला, पण रोज हजर राहून रोज तोच नेमका पास देणं फार थोड्यांना जमलं.

सगळ्यांच्या वाट्याला असं सरळ आयुष्य येत नाही. जेरेमी लिन हार्वर्डचा पदवीधर. २०१० मध्ये एनबीएच्या संघांपैकी त्याला कुणीच निवडलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये काही आठवड्यांत दोन संघांनी त्याला काढून टाकलं. न्यूयॉर्क निक्सने बदली म्हणून घेतलं तेव्हा तो भावाच्या सोफ्यावर झोपत होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये जखमी खेळाडूंमुळे संधी मिळाली आणि १० तारखेला लेकर्सविरुद्ध त्याने ३८ गुण केले. स्टीफन करीचं तर घोटा दुखावून करिअर संपणार असं वाटत होतं. २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळू शकला. मग शस्त्रक्रिया झाली, नितंब आणि पायांचे स्नायू बळकट करून चालण्याधावण्याची ढब बदलली, आणि २०१५ व २०१६ मध्ये लागोपाठ दोन वर्षं तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्पेनचा रिकी रुबिओ वयाची पंधरा पुरी व्हायच्या आधी तिथल्या वरिष्ठ लीगमध्ये उतरला आणि २०१९ च्या विश्वचषकात सर्वोत्तम ठरला. २०२३ मध्ये मन थकल्यामुळे खेळ थांबवत असल्याचं त्याने उघडपणे सांगितलं. लहानपणीच प्रौढांचं ओझं घेतलेल्या मुलाने ही गोष्ट बोलून दाखवली, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

पैशाचंही सांगायला हवं. २०२४-२५ मध्ये करीचा पगार साडेपाच कोटी डॉलरच्या वर होता. त्याच सुमारास आयोवा विद्यापीठाची पॉइंट गार्ड केटलिन क्लार्क महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडली गेली आणि पहिल्याच हंगामात तिने एका हंगामातल्या असिस्टचा विक्रम मोडून ३३७ केले. तिचा पगार होता ७६,५३५ डॉलर. जाहिरातींतून तिला पुष्कळ मिळालं हे खरं, पण कामाच्या मोबदल्यातली ही दरी बघून राग येतो.

भारतात व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे काय? खरं सांगायचं तर नोकरी. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचं वीज मंडळ, हेच इथले क्लब. खेळाडू क्रीडा कोट्यातून भरती होतो, सकाळ-संध्याकाळ सराव करतो, खात्याकडून स्पर्धा खेळतो आणि पुढे त्याच खात्यात बढती घेत निवृत्त होतो. चेन्नईची अनिता पॉलदुराई ही याच वाटेची गार्ड. एकोणिसाव्या वर्षी ती भारताची कर्णधार झाली, दक्षिण रेल्वेत नोकरी केली, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा नऊ वेळा खेळली, आई झाल्यावर पुन्हा मैदानात आली आणि २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

मराठी घरातलं नाव घ्यायचं तर पुण्याच्या शिरीन लिमयेचं. घरातच खेळाचं वातावरण. गार्ड म्हणून ती रेल्वेकडून आणि भारताकडून खेळली. जुलै २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या विभागात जागा मिळवली. त्या संघात अनिता आणि शिरीन दोघीही होत्या. पुढे शिरीन कर्णधार झाली आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखालचा संघ इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचला. बेंगळुरूच्या त्या दोन गुणांनी जिंकलेल्या सामन्यातल्या शेवटच्या मिनिटात गार्डच्या हातात चेंडू असणं म्हणजे काय, हे टीव्हीवर बघूनही नीट कळत नाही. पुरुषांत मुंबईच्या नागपाड्याने खेळाडूंच्या पिढ्या दिल्या. तिथले अब्बास मुंतासिर भारताचे कर्णधार होते, त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

लीग काढायचे प्रयत्न इथेही झाले. २०१५ मध्ये यूबीए लीग सुरू झाली. तीत पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. २०१७ नंतर ती बंद पडली. २०२२ मध्ये आयएनबीएल ही नवी लीग आली. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, तेव्हा आता काहीतरी बदलणार असं वाटलं होतं. पण कबड्डीपटूंच्या घरात २०१४ च्या प्रो कबड्डीनंतर जो पैसा आणि मान आला, तो बास्केटबॉलपटूंना अजून दिसलेला नाही. म्हणूनच आपल्या मुलांना आधी खात्याच्या नोकरीची वाट समजावून सांगायला हवी. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. ही साधनं तालुक्याच्या मुलालाही तितकीच खुली आहेत.

अडचण आहे ती जमिनीची. शेवगावसारख्या गावात शाळेचं मैदान बहुधा मुरमाचं. त्यावर चेंडू सरळ उसळत नाही, खड्याला लागून तिरका जातो. मग मुलगा सारखा खाली बघतो. कबड्डीत याने काही बिघडत नाही. पॉइंट गार्डच्या बाबतीत मात्र हाच सगळ्यात वाईट खोडा, कारण खाली बघणाऱ्याला साथीदार दिसत नाही. सिमेंटचा गुळगुळीत तुकडा, अगदी पंचवीस फूट लांबीचा असला तरी, शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो. त्यावर दोन चेंडू एकदम दोन्ही हातांनी टप्प्यांत ठेवायचे आणि समोरच्या मित्राने वर केलेली बोटं मोठ्याने मोजायची. चार महिन्यांत मान वर येते.

दुसरी अडचण सामन्यांची. पॉइंट गार्ड निर्णय घेऊन घेऊनच तयार होतो, आणि निर्णयांसाठी समोर अनोळखी संघ लागतो. वर्षाला जिल्ह्याची एक स्पर्धा आणि पहिल्याच फेरीत हार, एवढ्यावर कुणी पॉइंट गार्ड होत नाही. शेवगाव, पाथर्डी, नेवासे आणि पैठणच्या शाळांनी दर पंधरा दिवसांनी रविवारी आपापसांत सामने लावले तरी वर्षाला पंचवीसेक सामने होतात. अंतरं तासा-दीड तासाची आहेत, शाळेची गाडी पुरते. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पाच नंबरचा लहान चेंडू आणि २.६० मीटरवरची रिंग हे मिनी बास्केटबॉलचं मान्य माप आहे. मोठी रिंग आणि जड चेंडू दिला, तर मूल दोन्ही हातांनी कमरेतून फेकायला शिकतं आणि ती सवय पुढे जाता जात नाही. लहान रिंगचा खांब उभा करायला पाइप, लोखंडी पट्टी आणि फळी लागते, आणि ते जोडणारा वेल्डर आपल्या बाजारपेठेत आहे.