मोडी कागदांचे जाणते वाचक

जुन्या पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला मोडी कागद हाती पडतो आणि घरातील कोणालाही तो वाचता येत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, इनामाची सनद की कर्जरोखा, एवढेही उमगत नाही. अशा वेळी ज्यांच्याकडे धाव घ्यावी लागते, ते मोडी लिप्यंतरकार. इतिहाससंशोधनातून आलेले हे कौशल्य आज अनेकांचा व्यवसाय झाले आहे.

या विद्येला थोर परंपरा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. आजच्या लिप्यंतरकाराकडे येणारी मंडळी मात्र लढायांचे नव्हे, तर आजोबांच्या बांधाचे कागद घेऊन येतात. जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. एका नावाच्या चुकीच्या वाचनाने वारसाहक्काचा दावा भलतीकडे जाऊ शकतो.

केवळ मुळाक्षरे येऊन भागत नाही. मोडीत शब्द सहसा सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. खरी कसोटी कालगणनेची. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ ही अरबी संख्यावाचक अक्षरे १, ६०, १०० आणि १००० मिळून शुहूर सन ११६१ दर्शवितात. हे वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरच्या कागदास ५९९ आणि त्यानंतरच्या कागदास ६०० मिळवावे लागतात, म्हणजे इ. स. १७६०-६१. पानिपतचा संग्राम याच सालातला. क्षेत्रमापनाचेही तसेच: २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर, पण मोजणीची काठी सर्वत्र सारख्या लांबीची नसे, हे ध्यानी न घेता एकरांत रूपांतर करणे धोक्याचे.

२०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची निकड एकाएकी सर्वांच्या लक्षात आली. ही गरज महाराष्ट्रापुरती नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीचे मोडी कागद आहेत. बडोदे संस्थानच्या दफ्तरातही मोडी आहेच. २०१४ मध्ये मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाला, त्यामुळे संगणकावर ही लिपी लिहिता येऊ लागली. हस्तलिखित वाचण्यास मात्र सरावलेला डोळाच लागतो. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय त्यासाठी प्रशिक्षणवर्ग घेते.

कर्जप्रकरणात मालमत्तेचा शोध अहवाल साधारणतः ३० वर्षांचा असतो, म्हणून मोडी कागदाची वेळ क्वचितच येते. वाटणीचा वाद उद्भवला की मात्र तो पुढे येतो. काम सोपविताना लिप्यंतर आणि अर्थ स्वतंत्र मागावेत. लिप्यंतरात मूळ ओळीस ओळ असावी, फाटलेल्या वा न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे असावीत. सारे काही अस्खलित जुळवून देणाऱ्यापेक्षा ‘हा शब्द लागत नाही’ असे लिहून देणारा अधिक भरवशाचा. मूळ कागद सहसा हातचा सोडू नये, स्पष्ट छायाचित्र द्यावे. आणि जपणुकीच्या हौसेपोटी त्यावर प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये.