मागचा टायर आणि चेन : फेरीच्या धंद्यात घरी करता येणारे काम

रायगडच्या किनाऱ्यावर कापड, चादरी, तयार कपडे किंवा सुकी मासळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या अनेक व्यापारी बांधवांचे दुकान म्हणजे मोटारसायकलच. दुकानाच्या फळ्या मोडल्या तर आपण त्याच दिवशी सुतार बोलावतो. गाडीचा मागचा टायर मात्र गुळगुळीत होऊन आतले धागे दिसू लागेपर्यंत चालवतो. माल, मालक आणि इंजिनची ओढ ही तिन्ही ओझी मागच्याच चाकावर असतात, त्यामुळे पुढच्यापेक्षा तो टायर आधी झिजतो. समुद्राची खारी हवा चेनला गंज लावते ते वेगळेच.

मी हे काम हौसेने शिकलो नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. रस्त्यावर पत्र्याचे तुकडे आणि खिळे पडलेले. माझ्या गाडीच्या मागच्या टायरला पत्र्याने लांब चीर पाडली. आमच्या गावच्या पंक्चरवाल्याचे छप्परच गेले होते. टाळेबंदीच्या आधी मुंबईहून माल आणताना घेतलेला एक नवा टायर दुकानात पडून होता. टायर आहे, हात आहेत, पण हुनर नाही, अशी अवस्था.

काम सांगतो ते स्पोकच्या चाकाचे, ट्यूब असलेल्या टायरचे आणि ड्रम ब्रेकचे. अलॉय चाक आणि ट्यूबलेस टायर असेल तर दुकानातील यंत्रावरच बसवून घ्यावा. घरच्या लोखंडी पट्ट्यांनी रिमच्या कडेला खोच पडली की तेथून हवा गळत राहते.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी. प्रथम ब्रेकच्या सळईचा नट काढावा. नंतर ब्रेकची प्लेट अडवून धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट. मग आसाचा नट सोडून आस हलक्या ठोक्याने बाहेर काढावा. नट हातोडीखाली चेपला जाऊ नये म्हणून मध्ये लाकूड धरावे. बुश आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने जुन्या कापडावर मांडून ठेवावेत. कापडाचा तुकडा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही! पुष्कळ गाड्यांत चेन आणि मागचे दातेरी चाक जागच्या जागी राहते व फक्त चाक बाजूला सरकून निघते. काहींत चेन उतरवावी लागते.

व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी पायाने दाबून रिमपासून सोडवावी. येथे नवखा माणूस एकच चूक करतो, जोर लावतो. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. लिव्हर लावलेल्या जागेच्या समोरची कड त्या खोलगटात दाबून ठेवली की इकडची कड ढिली पडते आणि थोडी थोडी करून निघते. कडेला साबणाचे पाणी लावावे, ऑइल कधीही लावू नये. नवा टायर चढवण्यापूर्वी रिमवरची रबरी पट्टी पाहावी, कारण स्पोकची टोके ट्यूबला याच जागी टोचतात. टायर नवा तर ट्यूबही नवी घ्यावी. तिला किंचित हवा भरून आकार द्यावा व पावडर लावावी, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ येईल असे बसवावे आणि व्हॉल्व्ह वाकडा राहिला नाही ना, हे पाहावे.

टायर घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. त्याच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आपण थान घेताना जुना माल ओळखतो, मग टायर घेताना का नाही?

चाक परत बसवले की चेनचे माप आपोआप बिघडलेले असते, म्हणून ही दोन कामे वेगळी करताच येत नाहीत. आणि माझा खरा तजुर्बा येथेच आहे. त्या वेळी मी चेन छान ताणून घेतली, खाटेच्या पट्टीसारखी. ढिली चेन वाईट, मग घट्ट चेन चांगली, असा माझा हिशेब. आठवड्याने दोन गठ्ठे बांधून आणि पुतण्याला मागे बसवून म्हसळ्याकडे निघालो. चढावर चेन तुटली. गाडी मागे घसरू लागली, पुतण्याने उडी टाकली म्हणून बचावलो. एक गठ्ठा ओल्या मातीत गेला.

चेन पाहून एक वृद्ध मिस्त्री मला म्हणाले, "शेठ, माप रिकाम्या गाडीचे घेतलेत आणि धंदा भरल्या गाडीवर करता."

त्यांनी समजावले ते असे. भार चढला की शॉक-अब्सॉर्बर दबतात आणि चाक वर सरकते. इंजिनकडचे लहान दातेरी चाक, मागचा दांडा ज्या बोल्टवर झुलतो तो बोल्ट आणि चाकाचा आस ही तीन केंद्रे एका रेषेत आली की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट असलेली चेन भरल्या गाडीवर तारेसारखी होते. मग ती तुटते, नाहीतर गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि सील खाते.

म्हणून खालच्या बाजूला, दोन दातेरी चाकांच्या मधोमध, चेन बोटाने वरखाली करून पाहावी. लहान गाड्यांना हा खेळ साधारण २० ते ३५ मि.मी. सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहावा. चाक हळूहळू फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथेच माप घ्यावे. दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारख्याच खुणेवर आणावेत, नाहीतर चाक तिरके बसते आणि नवा टायर एका बाजूने झिजतो. नंतर नेहमीचा माल बांधावा, कोणाला तरी बसवावे आणि पुन्हा पाहावे. तेव्हाही चेन थोडी हललीच पाहिजे.

चेन मुळातच संपली असेल तर ताणून उपयोग नाही. लहान गाड्यांच्या चेनची कडी बहुधा अर्धा इंच असते, म्हणजे २० कड्या बरोबर १० इंच, २५४ मि.मी. ताणून धरल्यावर हे माप २५९ च्या आसपास गेले की चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकत्र बदलावीत. पोलादी पट्टीने मोजावे. कापडी फीत किती ताणते हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. या चेनचे आपल्या धंद्याशी जुने नाते आहे. हान्स रेनॉल्ड यांनी १८७९ साली मँचेस्टरजवळ सॅलफर्ड येथे कापडयंत्रांच्या चेन बनवणारा छोटा कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी रोलरची चेन काढली. मोटारसायकलीत आजही तीच जात चालते.

आसाचा नट आवळल्यावर ब्रेक प्लेटच्या पट्टीचा बोल्ट हाताने हलवून तपासावा. तो राहून गेला तर ब्रेक मारताच प्लेट फिरते आणि चाक जाम होऊ शकते. काटा पिन असेल तर नवीच घालावी. चेन जोडण्याचे लॉक असेल तर त्याचे बंद तोंड चेन धावण्याच्या दिशेकडे असावे. ब्रेक पेडल दाबून पाहावे आणि ५० किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा बघावेत.

पावसाळ्यात चेन घासलेटने पुसून गिअर ऑइल लावावे, पेट्रोलने धुऊ नये. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, हातात चिंधी धरून चेन पुसणारे मी पाहिले आहेत. चिंधी ओढली गेली की बोट तिच्याबरोबर जाते. चाक हातानेच फिरवावे. आणि साडी-गार्ड अडचणीचा वाटतो म्हणून काढून टाकू नये. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानेच तो बंधनकारक आहे. ओढणी, बुरखा, गठ्ठ्याचे सुटलेले टोक, चाकाला सगळे सारखेच.

चीर पडलेला तो जुना टायर एका होडीवाल्याने नेला. धक्क्याला लागताना होडीची कड घासू नये म्हणून त्याने तो बाजूला टांगला आहे.