खाऱ्या पाण्यातील जुनी आउटबोर्ड मोटर : विश्वासार्हता आणि निगा

कोलकात्याच्या न्यू टाउनमधील इको पार्कच्या तलावात मोटर बंद पडली, तर बोट वल्ही मारत काठाला आणता येते. तीच मोटर सुंदरबनच्या मातला नदीत किंवा मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी बंद पडली, तर बोट समुद्राकडे ओढली जाते. म्हणून सेकंड हँड मोटर घेताना ती चालू होते का, एवढेच पाहून भागत नाही. ती भरवशाने चालेल का, हे तपासावे लागते.

१. विश्वासार्हतेचे गणित

इंधन, प्रज्वलन, शीतकरण, गिअर आणि स्टार्टर यांपैकी एक बिघडले तरी मोटर थांबते, असे माना. ही एकसर प्रणाली झाली. प्रत्येकाची विश्वासार्हता ०.९८ धरली, तर एकूण विश्वासार्हता ०.९८⁵, म्हणजे सुमारे ०.९० येते. अशा दोन स्वतंत्र मोटरी लावल्यास ती ०.९९ होते. मात्र दोन्हींची टाकी एकच असेल आणि तिच्यात पाणी गेले, तर दोन्ही एकदम बंद पडतात.

२. मीठ काय करते?

समुद्राच्या १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मोटर हेच पाणी खेचून थंड होते. पाणी सुकले की क्षार अरुंद मार्गांत साठतात आणि इंजिन तापू लागते. सुंदरबनच्या गाळामुळे पंपाचा रबरी इम्पेलरही लवकर झिजतो.

दुसरे संकट गॅल्व्हानिक गंजाचे. अ‍ॅल्युमिनियमचे आवरण आणि स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट खाऱ्या पाण्यात आले की विद्युत घट तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजते. ते वाचवण्यासाठी जस्ताचा अ‍ॅनोड लावतात. तो आधी झिजतो. येथे शंका येईल: प्रमाण विभव तक्त्यात अ‍ॅल्युमिनियम (−१.६६ व्होल्ट) जस्तापेक्षा (−०.७६ व्होल्ट) अधिक सक्रिय आहे, मग जस्त आधी कसे झिजते? अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असल्यामुळे समुद्राच्या पाण्यात क्रम बदलतो. म्हणून येथे समुद्रजलातील गॅल्व्हानिक श्रेणी वापरावी.

३. घेण्यापूर्वी तपासणी

• सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. त्यांत मोठा फरक नसावा.
• गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर सील गळून पाणी आत गेले आहे.
• मोटर चालू असताना बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सतत पडली पाहिजे.
• अ‍ॅनोड पूर्ण झिजलेला असेल, तर आतील धातूवर संशय घ्या. अ‍ॅनोडवर रंग मारला असेल, तर तो निकामी आहे.

४. निगा

• प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून धुवा. पाण्याचा पुरवठा नसताना मोटर चालवू नका, इम्पेलर जळतो.
• बोट नांगरल्यावर मोटर पाण्याबाहेर उचलून ठेवा.
• अ‍ॅनोड अर्धा झिजताच बदला.
• इम्पेलर आणि गिअर ऑइल उत्पादकाच्या पुस्तिकेतील मुदतीनुसार बदला.
• इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. ते टाकीत महिनोन्महिने ठेवू नका आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा.

स्वाध्याय

धुण्याचा आळस केल्यामुळे शीतकरणाची विश्वासार्हता ०.८० वर आली आणि इतर चारांची ०.९८ च राहिली, तर एकूण विश्वासार्हता किती? (उत्तर: सुमारे ०.७४.) निगेसाठी पैसे मोजकेच असतील, तर आधी कोणत्या भागावर खर्च कराल? कारण लिहा.